अंगठ्याला थोडी उसंत

सोमवार, रात्री

आजपासून उजव्या हाताला ब्रेस, म्हणजे अंगठा आणि मनगट हलू न देणारा आधारपट्टा. हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितेय, त्यामुळे सावकाश.

गेले काही आठवडे अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेपर्यंत कळ येत होती. बाळाला उचललं की कळ, नळ बंद केला की कळ, बरणीचं झाकण फिरवायचं तर विचारूच नका. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्यावर छोटासा फुगवटाही दिसायला लागला. बोट ठेवलं तरी डोळ्यांत पाणी. ज्याला त्याला सांगितलं तर उत्तर एकच: बाळंतपणानंतर होतं असं, जाईल आपोआप.

डॉक्टरांनी अंगठा तळहातात घेऊन मूठ मिटायला सांगितली आणि मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवली. कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्यांनी हात लगेच सोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाळ केवढं आहे?" एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. दुखतंय कुठे आणि कशाने, एवढ्यावरून निदान झालं: डी क्वेरव्हेन्स. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस सर्जनने 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, त्याचं नाव पडलं. त्या काळी कपडे पिळून पिळून बायकांचे हात असे दुखायचे. आज माझ्यासारख्या तान्ह्या बाळांच्या आया त्यात मोठ्या संख्येने असतात.

मंगळवार

काल डॉक्टरांनी जे समजावलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते, कारण ते कळल्यावरच मला ब्रेस घालायचा धीर आला.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. अंगठा बाजूला नेणारी एक कंडरा आणि अंगठा ताठ करणारी दुसरी, या दोन्ही मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या त्यातून मागेपुढे सरकतात. अंगठा ताणून मनगट वाकवलेलं असताना भार उचलला की त्या आवरणाच्या कडेवर घासल्या जातात. हे दिवसभर होत राहिलं की आवरण जाड होतं, आतली जागा कमी होते आणि प्रत्येक सरकण्याला दुखतं. जुनाट दुखण्यात तिथे सूज कमी आणि हा जाडपणाच जास्त सापडतो म्हणे. म्हणजे एका रात्रीत उतरेल असं हे काही नाही.

ब्रेसचं काम एवढंच, की त्या दोन कंडरांचं सरकणं थांबवायचं. म्हणून तो अंगठ्यालाही धरणारा लागतो. घरात आधीपासून मनगटाला गुंडाळायचा पट्टा होता. त्याने मनगट आवळलं जातं, पण अंगठा मोकळाच राहतो, आणि इथे मूळ दुखणं अंगठा हलण्याचं आहे. माझा ब्रेस हाताच्या मधल्या भागापासून सुरू होतो, अंगठ्याच्या बाजूने आत वाकवलेली धातूची पट्टी आहे. मनगट सरळ, किंचित मागे झुकलेलं. अंगठा पेला धरताना असतो तसा तळहातापासून जरा दूर. अंगठ्याच्या टोकाकडचा सांधा मात्र मोकळा, त्यामुळे चिमटीत हलकी वस्तू धरता येते. बाकीची चारही बोटं तळाशी पूर्ण मिटता आली पाहिजेत. मिटत नसतील तर तळहातावरची कड पुढे सरकलीय असं समजायचं आणि पुन्हा बांधायचा.

गुरुवार, पहाटे

रात्री पट्टा घट्ट बांधला गेला असावा. जाग आली तेव्हा अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या आल्या होत्या. तिथून त्वचेखालून एक बारीक नस जाते आणि ती सहज दाबली जाते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. वेल्क्रो सैल केला, थोड्या वेळाने बधिरपणा गेला. पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल इतका सैल हवा, पण हात झटकला तर ब्रेस फिरू नये. मधला पट्टा आधी लावायचा, वरचा-खालचा नंतर. असं केलं की नीट बसतो.

आतून एक पातळ सुती मोज्याचा तुकडा घालते, नाहीतर घामाने खाज सुटते. आणि वेल्क्रोची कडक बाजू बाळाच्या गालाला लागणार नाही याची फार काळजी घ्यावी लागते. त्यावर मऊ फडकं गुंडाळलं आहे.

रविवार

ब्रेस घातल्यापासून एक गोष्ट रोज दिसतेय: मी बाळाला कसं उचलत होते. दोन्ही हात त्याच्या काखेत, अंगठे पुढे ताणलेले, बोटं पाठीमागे, आणि सगळं वजन अंगठ्यांच्या बेचक्यात. सगळेच असं उचलतात. कुणी कधी शिकवलेलं नसतं, हात आपोआप तसे जातात. पण त्या आवरणावर सर्वात जास्त ताण याच उचलण्याने येतो, आणि बाळाचं वजन तर दर आठवड्याला वाढतंच आहे.

ब्रेसमध्ये तसं उचलताच येत नाही. फिजिओथेरपिस्टने दुसरी पद्धत दाखवली. तळहात वर. एक हात बाळाच्या कुल्ल्यांखाली, दुसरा मानेखाली आणि पाठीखाली. अंगठे बोटांना चिकटलेले. बाळाला आधी आपल्या अंगाजवळ ओढायचं आणि मग कोपर आणि खांद्याच्या जोराने उचलायचं, मनगट सरळ ठेवून. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. बाळालाही ते नवं होतं, कुरकुरलं. आता त्याला सवय झालीय. पाजताना डोकं मनगट वाकवून धरत होते, त्याऐवजी उशी वर घेतली आणि डोकं हाताच्या कोपराजवळ टेकवलं. एवढ्यानेच संध्याकाळचा ठणका बराच कमी झाला.

मला वाटतं, ब्रेसचा निम्मा उपयोग हाच आहे. तो अंगठ्याला विश्रांती तर देतोच, पण कोणत्या हालचालीने दुखतं हे हाताला ठिकठिकाणी अडवून दाखवतो. ओलं फडकं पिळताना अडतो. फोन एका हातात धरून अंगठ्याने लिहायला गेलं की अडतो. ती सगळी कामं बदलायची, नाहीतर ब्रेस काढल्या दिवशी दुखणं परत सुरू. फडकं आता नुसतं दाबून निथळत ठेवते, बोलून टाइप करते. जड काही उचलायचं असेल तर ह्याला हाक मारते आणि तोही येतो.

आणि एक राग मनात आहे तो लिहून टाकते. बाळंतपणानंतरच्या तपासण्यांमध्ये टाके विचारले, दूध विचारलं, झोप विचारली. हात कुणी विचारले नाहीत. चोवीस तास एका जिवाला उचलणाऱ्या बाईला "हात दुखतात का?" एवढा एक प्रश्न विचारायला काय लागतं? उचलायची पद्धत तर घरी सोडतानाच दाखवायला हवी. मला ती आधी कुणी दाखवली असती तर कदाचित ही वेळच आली नसती.

बुधवार

आज ब्रेस काढून आंघोळीनंतर हात कोमट पाण्यात ठेवला आणि अंगठा हळूहळू हलवला. दुखेल तिथे थांबायचं, ताणायचं नाही. दिवसातून काही वेळा असं करायला सांगितलंय, नाहीतर सांधे आखडतात आणि पकड कमजोर होते. सतत आवळून ठेवणंही बरं नव्हे. साधारण चार ते सहा आठवडे घालतात, त्यातही रात्री आणि कामाच्या वेळी नेमाने, मग हळूहळू कमी करत आणायचं. दुखणं फार वाढलं तर पातळ कापडातून दहा-पंधरा मिनिटं बर्फ. वेदनाशामक गोळी किंवा मलम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण मी पाजते.

मैत्रिणीचाही अंगठा दुखतो म्हणून तिने माझ्यासारखाच ब्रेस घ्यायचं ठरवलंय. तिला सांगितलं, आधी दाखवून घे. तिला रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात. ते मनगटातल्या दुसऱ्याच नसेचं दुखणं असू शकतं, त्याचा ब्रेस वेगळा. आणि अंगठ्याच्या अगदी मुळातला सांधा झिजला असेल तर तेही अजून वेगळं.

शनिवार

नळ फिरवताना आज कळ आली नाही. फुगवटा आहे, पण बोटाने दाबलं तर आधीसारखं जीव घेत नाही. अंगठा मुठीत घेऊन पाहायचा मोह होतो, पण पाहत नाही. रोज तीच परीक्षा घेतली तर तिनेच पुन्हा दुखेल.

पुढच्या भेटीत विचारायचं: असाच उतार पडत राहिला तर रात्रीचा ब्रेस कधी सोडायचा. आणि पडला नाही तर इंजेक्शन. स्टिरॉइडचं असतं ते, आवरणाच्या आत देतात, नुसत्या ब्रेसपेक्षा त्याने जास्त जणांना गुण येतो असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. काहींच्या आवरणात मधोमध एक पडदा असतो, दोन कंडरांच्या दोन वेगळ्या खोल्या, तेव्हा इंजेक्शन एकाच खोलीत गेलं तर पुरत नाही. माझं तसं आहे का हे सोनोग्राफीत कळेल का, तेही विचारायचं. शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी, तेवढ्या भागाला भूल देऊन ते आवरण मोकळं करतात. पाजत असताना इंजेक्शन चालतं का हा प्रश्न यादीत सगळ्यात वर घातलाय.