बेल्ट नवा, तरी गाडी किंचाळतेय!

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये नोव्हेंबर लागला की सकाळी गल्लीत कुठल्या ना कुठल्या गाडीचा बेल्ट ओरडताना ऐकू येतो. उन्हाळाभर गप्प असलेलं इंजिन शून्याखालच्या थंडीत चालू केलं की बॉनेटखालून चिरकी किंकाळी निघते. आमच्या पिकअपचंही तेच चाललं होतं. २००६चं मॉडेल, व्ही-८ इंजिन, जुनी पण ठणठणीत गाडी. सकाळी मिनिटभर किंचाळायची आणि मग गप्प. संध्याकाळी पार्क करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा एकदा.

आपल्याकडे सवयीनं सगळे त्याला फॅन बेल्टच म्हणतात, पण या गाडीत तो बेल्ट वीज तयार करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि वॉटर पंप अशा तिघांना एकटा फिरवतो. पूर्वी यांना वेगवेगळे व्ही बेल्ट असायचे. फोर्डनं १९७९च्या मस्टँगमध्ये सगळ्या पुल्यांभोवती, म्हणजे बेल्टच्या चाकांभोवती, वळणं घेत जाणारा एकच लांब, रेघारेघांचा बेल्ट आणला आणि पुढे हीच पद्धत सगळीकडे रुळली. जागा वाचली, पण सगळी भिस्त एका बेल्टवर आली. तो तुटला की बॅटरी चार्ज होत नाही, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि पाणी फिरायचं थांबल्यानं इंजिन बघता बघता तापतं. जानेवारीत, बर्फ पडत असताना, हायवेच्या कडेला हे घडू नये एवढ्यासाठी तरी या आवाजाकडे काणाडोळा करू नये.

आवाज आला की सगळे एकच सांगतात, बेल्ट बदला. पण आमच्या गाडीत बेल्ट नवाच होता. आधीच्या मालकानं विकण्यापूर्वी टाकलेला, रेघा धारदार, कुठे चकाकी नाही, तेलाचा डाग नाही. म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायला हवा होता.

पाण्याची साधी बाटली, स्प्रेवाली, इथे फार कामाला येते. इंजिन चालू असताना, हात आणि बाह्या लांब ठेवून, बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडा फवारा मारायचा. चिवचिव आवाज असेल आणि पाण्यानं क्षणभर थांबून परत येत असेल, तर एखादी पुली ओळीत नाही. किंचाळी पाण्यानं वाढली, तर बेल्टला ताण कमी पडतोय. आमची वाढली. ताण देणं हे टेन्शनरचं काम. एका आखूड हाताच्या टोकाला पुली आणि बुडाशी दणकट स्प्रिंग, बेल्ट झिजून सैल पडेल तसा हा हात आपोआप पुढे सरकत त्याला ताणून धरतो. स्प्रिंग थकली की बेल्ट घसरतो आणि ओरडतो.

थंडीच्या सकाळीच का, याचंही कारण सरळ आहे. स्टार्टरनं बॅटरीतून बरीच वीज ओढलेली असते, त्यात हीटरचा पंखा, मागच्या काचेवरचं दव घालवणारी गरम तार, हेडलाइट सगळं एकदम चालू. अल्टरनेटरवर मोठा भार येतो, तो फिरवायला जड होतो आणि गारठ्यानं कडक झालेला बेल्ट त्याच्या पुलीवर पकड सोडतो. बॅटरी थोडी भरली, रबर गरम झालं की आवाज बंद. दुखणं मात्र तिथेच राहतं.

खात्री करायला बायकोला गाडीत बसवलं आणि मी टॉर्च घेऊन पुढे उभा राहिलो.

"फिरवू?"

"फिरव. अगदी शेवटपर्यंत."

स्टिअरिंग टोकाला गेलं तसा टेन्शनरचा हात धडधड नाचायला लागला. निरोगी टेन्शनर जेमतेम थरथरतो. इंजिन बंद करून नीट पाहिलं तर हाताच्या सांध्याभोवती गंजाची लालसर भुकटी जमली होती आणि पुली किंचित तिरकी झाली होती. आतलं बुशिंग, म्हणजे हात ज्यावर फिरतो ती नळी, झिजल्याची ही खूण.

गंजाबद्दल सांगायलाच हवं. डेट्रॉइट शहराच्या पोटात साधारण १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे आणि या भागात हिवाळाभर रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ पसरतात. ते खारं पाणी गाडीच्या प्रत्येक सांध्यात शिरतं. म्हणून इथे कुठलाही बोल्ट सोडवायचा असेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवणं शहाणपणाचं.

सुटे भाग विकणारी मोठी दुकानं इथे हत्यारं वापरायला देतात, आणि अमेरिकेतली ही पद्धत मला मनापासून आवडते. ठेव भरायची, हत्यार घरी न्यायचं, काम झालं की परत करून पूर्ण पैसे घ्यायचे. बेल्ट काढायचा लांब, चपटा दांडा मी तसाच आणला. नवा टेन्शनर, नवी आयडलर पुली (बेल्टला नुसतं वळण देणारी, काहीही न चालवणारी) आणि बेल्ट विकत घेतले. बेल्ट चांगला होता, पण घसरून घसरून तापलेला बेल्ट नव्या टेन्शनरवर चढवायला माझं मन धजेना. जुना सीटमागे ठेवला आहे, अडीनडीला.

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना काम काढलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. बेल्ट कुठून कसा जातो त्याचं चित्र बॉनेटखाली चिकटवलेलं असतं, तरी फोटो काढून ठेवला. टेन्शनरच्या हातावर ३/८ इंची चौकोनी भोक असतं, त्यात दांडा बसवून स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावायचा आणि सैल झालेला बेल्ट वरच्या गुळगुळीत पुलीवरून सरकवायचा. ही स्प्रिंग थकलेली असली तरी बोट चेंगरेल इतकी ताकद तिच्यात असते, त्यामुळे दांडा एकदम सोडायचा नाही, सावकाश परत आणायचा.

बेल्ट निघाल्यावर एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. अल्टरनेटर, वॉटर पंप छान, निःशब्द. आयडलर फिरवताना मात्र बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर लागली, म्हणजे बेअरिंग संपत आलेलं. टेन्शनर दोन बोल्टांवर असतो. १५ मिलिमीटरच्या सॉकेटनं दोन्ही सुटले, एक कुरकुरत. जुना आणि नवा शेजारी धरून हात दाबून पाहिले तेव्हा फरक कळला: नवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड, जुना अर्ध्यात अडकायचा आणि मग एकदम सैल सुटायचा.

नवा टेन्शनर आणि आयडलर बसवून टेन्शनरचे बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्यानं, ५० न्यूटन-मीटरला आवळले. हा आकडा माझ्या इंजिनचा, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये पाहा. पुल्या ब्रेक क्लीनरनं पुसून कोरड्या केल्या आणि बेल्ट चढवला. मग टॉर्च लावून प्रत्येक पुलीवर सगळ्या रेघा आपापल्या खाचेत बसल्यात का ते पाहिलं. एक रेघ जरी काठाबाहेर राहिली तरी बेल्ट फाटतो. ही तपासणी दोनदा करा. बॅटरी जोडली, चावी फिरवली, हीटर, दिवे सगळं लावून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं. किंचाळी नाही, आणि टेन्शनरचा हात जागच्या जागी.

आता तुमच्यासाठी, म्हणजे पुण्या-मुंबईत गाडी चालवणाऱ्यांसाठी. तिकडे थंडीऐवजी पावसाळा हे काम करतो. डबक्यातून गाडी गेली, बेल्ट भिजला आणि दोन-चार मिनिटं ओरडून थांबला, तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण कोरड्या दिवशीही एसी लावताच ओरडत असेल, तर टेन्शनर पाहायला सांगा. गॅरेजमध्ये कुणी साबणाची वडी किंवा स्प्रे लावून आवाज बंद करून देत असेल तर लावू देऊ नका. चिकट थरात धूळ बसते आणि नवा बेल्टही खराब होतो. बेल्ट बदलायचाच असेल तर तो काढल्यावर टेन्शनर आणि आयडलरची पुली तुमच्यासमोर हातानं फिरवून दाखवायला सांगा. बेल्ट उतरलेलाच असतो, त्यामुळे त्याला एक मिनिटही लागत नाही.