पानावरच्या चुण्या

माझ्या मिल्टोनिऑप्सिस नावाच्या ऑर्किडच्या एका पानाला मधोमध तीन आडव्या चुण्या आहेत. बोट फिरवलं की खाच लागते. हे पान नवं असताना, कोंबातून वर सरकत होतं तेव्हा, त्याला ओलावा कमी पडला. ते शेजारच्या पानाला चिकटून अडकलं, वाढ मात्र थांबली नाही, म्हणून अडकलं तिथेच दुमडत गेलं. अशी चुणी एकदा पडली की नंतर कितीही पाणी घाला, ती जात नाही.

"मावशी, हे आता कधीच सरळ नाही होणार?" भाचीने विचारलं.

"नाही गं. पुढच्या पानाकडे लक्ष ठेवायचं."

मिल्टोनिऑप्सिसचं मूळ घर म्हणजे कोलंबिया, इक्वाडोरकडचे डोंगर. थंड आणि ओली हवा, दोन्ही एकदम. माझ्या घरात थंडावा हवा तर एसी लावावा लागतो, आणि एसी हवेतलं पाणी काढून घेतो. त्याच्या नळीखाली मी बादली ठेवते. सकाळी ती अर्धी भरलेली दिसली की जीव कळवळतो, कारण ते सगळं पाणी रात्री माझ्या झाडांभोवतीच्या हवेत होतं. वर एसी बंद केला की खोली तापते आणि आर्द्रता आणखी खाली येते. 20 अंशांवर 60 टक्के आर्द्रता असलेली हवा नुसती 30 अंशांपर्यंत तापली, तर आकडा साधारण 33 वर येतो. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली असते.

हे कळायच्या आधी वर्षभर मी फवारा मारत होते. सकाळी, दुपारी, ऑफिसातून आल्यावर. मग हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणला आणि त्याच्यासमोर फवारा मारून बघितला. काटा चढला, आणि माझा चहा संपेपर्यंत होता तिथे परत आला. खडे आणि पाणी भरलेल्या ट्रेचंही तसंच. पाण्याच्या अगदी लगत थोडा फरक पडतो, वीतभर वर काही नाही. फवाऱ्याचं पाणी मात्र पानांच्या बेचक्यात साचून राहायचं, आणि फॅलेनॉप्सिस नावाच्या एका ऑर्किडचा शेंडा त्यानेच कुजला. फवारणी मी पूर्ण बंद केली.

त्यानंतर जुना फिशटँक काढला. तळाशी ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, वर काच, आत मास्डेव्हेलिया, हेही ऑर्किडच. आकडा 85 टक्के! मला वाटलं, जमलं. तीन आठवड्यांत पानं बुडापासून काळी पडून गळायला लागली. मास्डेव्हेलियाला पाणी साठवायला कंद नसतो, म्हणून ओलावा हवा हे मला माहीत होतं. ती जिथून येते त्या ढगांतल्या जंगलात वारा सतत वाहतो, हे मी विसरले. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने बंद बाटलीत नेचा उगवलेला पाहिला, काचेच्या पेट्यांत झाडं वाढवली आणि 1842 साली त्यावर पुस्तकही लिहिलं. नेच्यांना ती कोंडलेली हवा मानवते. माझ्या मास्डेव्हेलियाला नाही मानवली. आता टँकवरची काच दोन बोटं सरकवलेली असते आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरचा छोटा पंखा दिवसरात्र फिरतो. आकडा 70 च्या आसपास राहतो. पान काळं पडणं थांबलं.

पण सगळी झाडं टँकमध्ये मावत नाहीत, आणि खरा फरक पडला तो कुंडीत. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं, वेलामेन. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, पाणी मिळालं की डोळ्यांदेखत हिरवं होतं. पारदर्शक कुंडीत हा रंग बघायची मला सवय लागली. झाडाच्या सालीचे तुकडे भरलेल्या कुंडीत मिल्टोनिऑप्सिसची मुळं दुसऱ्याच दिवशी चंदेरी व्हायची. पुस्तकातलं पाण्याचं वेळापत्रक ओल्या हवेतल्या झाडांसाठी असतं. माझ्या हवेत तीच कुंडी दुप्पट वेगाने वाळते. म्हणून सालीचे तुकडे काढून स्फॅग्नम मॉस भरलं, सैलसर, दाबून नाही. ती प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवली आणि मधल्या फटीतही ओलं मॉस भरलं. मातीतून पाणी झिरपत, उडत राहतं, मुळांना गारवा मिळतो. हवा कोरडी असली तरी मुळं कधी पूर्ण वाळली नाहीत तर झाड बरंच सोसतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उलट, दमट हवेत वाळलेली मुळं घेऊन बसलेलं झाड सुकतंच.

हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायरही आहे. त्यात आरओचं पाणी घालते, कारण क्षार असलेल्या पाण्याने पानांवर पांढरी भुकटी बसते. तो फक्त नवी पानं येतात त्या महिन्यांत लावते.

काही झाडं मात्र माझ्या घरची नाहीत. ड्रॅक्युला नावाची ऑर्किडची जात दोनदा आणली. तिला रात्री खरी थंडी आणि सततची ओल लागते. दुसऱ्यांदा कळी पिवळी पडून गळली तेव्हा मी ती थंड ग्रीनहाउस असलेल्या मैत्रिणीला देऊन टाकली. तिच्याकडे ती फुलते, फोटो येतात, मला मनापासून बरं वाटतं. त्या जागेवर आता फ्रॅग्मिपेडियम हे ऑर्किड आहे. त्याच्या काही जाती ओढ्याकाठी, पाझरत्या कातळावर वाढतात, त्यामुळे ते बोटभर पाण्याच्या थाळीत सुखाने उभं असतं. कोरड्या घरात कुणाला ऑर्किड सुरू करायचं असेल तर मी आधी हेच सुचवते.

मिल्टोनिऑप्सिसचं नवं पान आता चार बोटं वर आलंय. भाची आली की पहिलं त्यावरून बोट फिरवते. बुडाशी एक बारीक चुणी आहे, मी दोन दिवस घरी नव्हते तेव्हाची. त्याच्या वर अजून तरी गुळगुळीत आहे. जुनं चुण्यांचं पान मी कापलेलं नाही. ते हिरवं आहे आणि झाडाला त्याची गरज आहे.