सव्वापाच तासांत लंडन?

तिकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की आईचा फोन ठरलेला. "रात्री नऊला लंडनहून निघतेस आणि सकाळी पावणेअकराला मुंबई? म्हणजे पावणेचौदा तास! आणि परत जाताना दुपारी दीडला निघून पावणेसातला लंडन? सव्वापाच तासांत? मग येतानाही तेच विमान घे की!"

अगं आई, तिकिटावर निघायची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची या गावच्या. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं तासभर मागे घेतात, की मार्चअखेरपर्यंत साडेपाच. हिशेब लावला तर येताना सव्वानऊ तास, जाताना पावणेदहा.

आता हा अर्धा तास कुठून आला? अंतर तर तेच, सरळ मोजलं तर सुमारे ७,२०० किलोमीटर. हा सगळा खेळ जेट स्ट्रीमचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पाठीशी शंभराचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने हजार, समोरून असेल तर आठशे. समोरच्या स्क्रीनवर मुंबईला येताना हजाराच्या वरचा आकडा दिसला की मला उगाचच आनंद होतो. जेवण, सिनेमा राहू दे, मी तो नकाशाच बघत बसते.

सर्वांत जवळची रेषा दक्षिण युक्रेन, कॅस्पियन समुद्र आणि इराणवरून जाते. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पश्चिम आशियात तणाव वाढला की आणखी वळसे. म्हणून प्रत्यक्षात विमान जरा जास्तच अंतर कापतं. अर्थात कुरकुर करण्यात अर्थ नाही. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं लंडनला जाणारं पहिलं विमान 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला पोचलं होतं.

शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. हीथ्रोवर उतरताना तर हमखास घिरट्या. खाली तीच शेतं, तेच रस्ते पुन्हा पुन्हा फिरून येतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथेही रांग आलीच.

पुणेकरांसाठी खरा प्रश्न तर उतरल्यावरच सुरू होतो. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही. इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, मग एक्सप्रेसवे आणि घाटातले ट्रक. तेव्हा बाबा, वाऱ्याच्या कृपेने विमान वीस मिनिटं लवकर उतरलं तरी गाडीवाल्याला घाईने पहाटेच पिटाळू नका. पार्किंगचे पैसे तेवढे वाढतील.