जेट बोट: धक्क्याआधीचे शेवटचे वीस मीटर

पहिले जवळजवळ दोन दिवस नदीने आणि चालवायला घेतलेल्या जेट बोटीने काही त्रास दिला नाही, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्याला लागताना जे झालं, ते मात्र यापुढे अशी बोट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

बोट ताब्यात देणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "प्रोपेलरच नाही, लावायला एकदम सोपी. रिव्हर्स टाकला की जागेवर थांबते." हे साफ चुकीचं आहे. मी आउटबोर्डवाल्या (मागे बाहेर लटकणारं, प्रोपेलरचं इंजिन असलेल्या) बोटी बऱ्याच चालवल्यात, आणि तीच सवय मला नडली.

वारा आडवा होता, धक्क्याकडे ढकलणारा. मी नेहमीसारखा थ्रॉटल (इंजिनचा ॲक्सिलरेटर) मिटवला, लिव्हर न्यूट्रलला घेतला आणि चाक पूर्ण उजवीकडे फिरवलं. नाक हललंच नाही. पुढे दोर घेऊन उभा असलेला भाऊ ओरडला, "ताई, वळव ना!" "वळवलंय रे, ऐकतच नाहीये!" मग घाबरून रिव्हर्स टाकला आणि थ्रॉटल पूर्ण दिला. इंजिन किंचाळलं, दोन्ही बाजूंनी पांढरा फेस वर आला आणि बोट तशीच सरकत खांबाच्या बोल्टवर घासली. पंजाएवढा ओरखडा पडला.

असं का झालं ते समजून घ्या, नाहीतर तुमचंही हेच होईल. जेट बोटीला सुकाणूचं पातं नसतं. आतला पंप तळाच्या इनटेकमधून, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडातून, पाणी घेतो आणि मागच्या नोझलमधून (तोटीतून) त्याचा झोत सुटतो, चाक फिरवलं की नोझल वळतं आणि तो झोतच बोट वळवतो. थ्रॉटल मिटवला की झोत मरतो आणि त्याच्याबरोबर वळणंही. ऐन धक्क्याशी थ्रॉटल सोडणं म्हणजे चाक हातातून सोडून देणं.

रिव्हर्स तर गिअरमधला नसतोच. इम्पेलर, म्हणजे पंपातलं चक्र, त्याच दिशेने फिरत राहतो. फक्त नोझलवर एक बकेट (बादलीसारखं झाकण) खाली येते आणि झोत पुढे, बोटीच्या तळाखाली वळवते. त्यामुळे मागे ओढण्याचा जोर पुढच्यापेक्षा बराच कमी. त्यात जास्त थ्रॉटल दिला की तोच फेसाळ पाण्याचा झोत इनटेकमध्ये शिरतो, पंपाला हवा लागते आणि उरलासुरला जोरही जातो. माझ्या बोटीचं ते किंचाळणं यातलंच होतं.

आमच्या बोटीला रिव्हर्समध्ये चाक उजवीकडे फिरवलं की नाक उजवीकडे आणि शेपूट डावीकडे जायची, म्हणजे आउटबोर्डच्या बरोबर उलट. सगळ्या बोटी सारख्या नसतात, म्हणून आपली कशी वागते ते मोकळ्या पाण्यात आधी बघाच. हे न करता धक्क्याकडे जाणं मूर्खपणा आहे.

लावताना वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्या तोंडावर जायचं. बराच आधी वेग कमी करायचा. मग आयडलपेक्षा (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं त्यापेक्षा) थोडे जास्त आरपीएम (इंजिनचे फेरे) ठेवून बकेट अर्ध्यावर आणायची: थोडा झोत पुढे, थोडा मागे. बोट जवळजवळ जागेवर राहते, पण चाकाला उत्तर देते. यानंतर थ्रॉटलला हात लावू नका; पुढे-मागे सरकणं बकेटच्या लिव्हरने, तो जरा-जरा हलवत. दोन इंजिनं असतील तर चाक सरळ ठेवून एक पुढे आणि एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी फिरते. खरं न्यूट्रल यात नसतंच, इंजिन चालू असेल तर बोट कुठेतरी सरकणारच. फेंडर (बोट घासू नये म्हणून कडेला लावायच्या फुगीर उशा) खूप आधी लटकवा.

दोराबद्दल मी हात जोडून सांगते. पाण्यात पडलेलं टोक इनटेक क्षणात ओढून घेतो. केस आणि जॅकेटचे पट्टेही. प्रोपेलर नाही म्हणून माणूस पाण्यात असताना इंजिन चालू ठेवणं सुरक्षित होत नाही. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात रिव्हर्स टाकू नका. झोत तळावर आपटून रेती, खडे आणि शेवाळ वर उडवतो आणि पंप ते गिळतो. ही बोट उथळ नद्यांसाठीच पुढे आली, न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात ती तिथल्या नद्यांवर आणली, पण उथळात धावत जाणं वेगळं आणि उथळात रिव्हर्स वेगळा.

बोट परत देताना माझ्या ओरखड्यासोबत आधीचे दोन जुने ओरखडेही आमच्याच नावावर लावले गेले. वाद घातला, काही उपयोग झाला नाही. बोट घेतल्याबरोबर तळाच्या कडेपर्यंत चारही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि तो देणाऱ्याच्या समोरच काढा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या पाण्यात एक फेंडर तरंगत सोडला आणि तासभर त्यालाच धक्का मानून सराव केला. मग त्याच धक्क्याला तीनदा लागले. तिसऱ्यांदा बोट इतकी हळू टेकली की भाऊ दोर हातात घेऊन पायरी उतरावी तसा खाली उतरला.