चिपळूणचा पाऊस, पुण्यातली प्रत: रेप्लिकेशनची पद्धत ठरली

मंडळी, चिपळूणला मोजलेल्या पावसाचे आकडे पुण्यात आपोआप कसे आणायचे, म्हणजे रेप्लिकेशन (डेटाबेसची चालू प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवणं) कसं करायचं, हा गेल्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न मार्गी लागला. चिपळूण ते पुणे लॉजिकल रेप्लिकेशन (फक्त ओळींचे बदल पाठवणारं) आणि पुण्यातल्या पुण्यात फिजिकल स्टँडबाय (हुबेहूब, फक्त वाचता येणारी प्रत), असं ठरलं. दोन ठिकाणी दोन पद्धती का, ते जरा विस्तारानं लिहितो. पर्जन्यमापक, पक्षीनोंदी किंवा विहिरीची पातळी, असं काही लांबून गोळा करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. चिपळूणजवळ मामांच्या गच्चीवर टिपिंग बकेट पर्जन्यमापक आहे (छोटं भांडं भरलं की उलटतं, ती एक टिप), दर टिपला ०.२ मिमी. शिवाय तापमान आणि आर्द्रता दर मिनिटाला. ते सगळं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातं: डेबियन १२ (लिनक्स), पोस्टग्रेस १५, ३२ जीबीचं एसडी कार्ड, वीज इन्व्हर्टरवर, इंटरनेट ४जी राउटरचं. पुण्यात मिनी पीसी आहे, त्यावर डेबियन १३ आणि पोस्टग्रेस १७. आमच्या इमारतीच्या गच्चीवरही तसंच यंत्र आहे, आणि दोन्हीकडचे आकडे मला एकाच तक्त्यात हवे आहेत.

या प्रकल्पात मी एक गोष्ट सगळ्यात वर ठेवली आहे. जो पाऊस मोजायची खरी गरज आहे, नेमका त्याच पावसात संपर्क तुटतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा चिपळूणमध्ये वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले होते. अशा वेळी तिथल्या पायनं पुण्याची वाट न बघता मोजत राहिलं पाहिजे. म्हणून मुख्य डेटाबेस तिकडेच, आणि पुण्यात प्रत. दिशा एकदा अशी ठरली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पहिला गळाला तो सिंक्रोनस. त्यात प्रतीकडून पोच आल्याशिवाय कमिट (नोंद पक्की होणं) पूर्ण होत नाही. एकच प्रत असेल आणि ती दिसेनाशी झाली, तर नोंद करणारा प्रोग्रॅम कमिटवरच ताटकळतो. बँकेला ते परवडतं, कारण तिथे शेजारी दुसरी-तिसरी प्रत उभी असते. घाटापलीकडून ४जीवर नाही.

मग असिंक्रोनस स्ट्रीमिंग, म्हणजे पोचेची वाट न बघता बदल पाठवत राहणं. ही फिजिकल पद्धत पोस्टग्रेसमध्ये २०१० साली ९.० आवृत्तीत आली आणि आजही सगळ्यात भरवशाची आहे. वॉलमध्ये (पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिच्यात लिहितो ती नोंदवही) लिहिला गेलेला प्रत्येक बदल जसाच्या तसा पलीकडे जातो आणि तिथे पानन्‌पान लागू होतो. पण दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच लागते, आणि माझ्याकडे १५ आणि १७ आहेत. अख्खा क्लस्टर (त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) जातो, निवडक तक्ते पाठवता येत नाहीत. स्टँडबायवर फक्त वाचता येतं, त्यामुळे दोन स्टेशनांचे प्रवाह एका तक्त्यात मिसळणं शक्यच नाही. शिवाय इंडेक्सचे (ओळ चटकन शोधायच्या सूचीचे) बदल, व्हॅक्यूमची (जुन्या ओळींच्या सफाईची) कामं, चेकपॉइंटनंतर (साठलेले बदल डिस्कवर पक्के लिहिण्याच्या टप्प्यानंतर) पान पहिल्यांदा बदललं की लिहिलं जाणारं अख्खं ८ केबीचं पान, हे सगळं ४जीवरून वाहून न्यायचं.

आणखी एक खाच आहे, तिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. मजकुराच्या कॉलमवरचा इंडेक्स साधारणपणे ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या कोलेशनप्रमाणे (अक्षरांच्या क्रमाप्रमाणे) रचलेला असतो. फिजिकल प्रतीत इंडेक्सची पानं तशीच येतात, पण ती वाचताना क्रम ठरवते दुसऱ्या यंत्राची ग्लिबसी. दोन्हीकडचा क्रम वेगळा असेल तर तक्त्यात असलेली ओळ शोधून सापडत नाही, आणि एररही येत नाही. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा हा त्रास बऱ्याच जणांना झाला. माझी ठिकाणांची नावं देवनागरीत आहेत, त्यामुळे मी इथे पक्का नियम केला: फिजिकल जोडीत दोन्ही यंत्रांवर डेबियनची आवृत्ती एकच.

लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये हे प्रश्न उरत नाहीत. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पब्लिकेशन (पाठवणारी बाजू) आणि सबस्क्रिप्शन (घेणारी बाजू) पोस्टग्रेसमध्येच मिळतात. फक्त ओळींचे बदल जातात, आवृत्त्या वेगळ्या चालतात, आणि प्रत लिहिण्यायोग्य असते. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) मी स्टेशन आणि वेळ अशी जोडून केली आहे. सीक्वेन्सच्या (आपोआप वाढणाऱ्या) आकड्यावर की ठेवली असती तर दोन स्टेशनांचे आकडे एकमेकांवर आदळले असते, आणि असा एक संघर्ष झाला की सबस्क्रिप्शन तिथेच अडून बसतं. तक्त्याची रचना मात्र आपोआप जात नाही. नवा कॉलम आधी पुण्यात जोडायचा, मग चिपळूणला. पुण्यात कॉलम जास्त असला तर चालतं, कमी असला तर प्रवाह थांबतो.

या पद्धतीतला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे स्लॉट, पुण्यानं कुठवर वाचलं याची चिपळूणला ठेवलेली खूण. पुण्यानं वाचलेलं नाही तोवर चिपळूणचा पोस्टग्रेस वॉल पुसत नाही. संपर्क परत आल्यावर काहीच गळत नाही ते यामुळेच. पण मर्यादा न घालता सोडलं तर कार्ड भरतं, आणि वॉलची जागा संपली की पोस्टग्रेस बंद पडतो. म्हणजे पुणे दिसत नाही म्हणून चिपळूणचं मोजमाप थांबणार! ते मला कुठल्याही किमतीत नको होतं.

म्हणून गणित मांडलं. वॉलचा एक सेगमेंट, म्हणजे एक फाइल, १६ एमबीचा. बऱ्याच ठिकाणी आर्काइव्ह टाइमआउट (भरला नसला तरी सेगमेंट बदलायची मुदत) ६० सेकंद ठेवायचा सल्ला दिसतो. दर मिनिटाला नोंद होत असेल तर त्यानं दिवसाला १४४० सेगमेंट उघडले जातात, म्हणजे २२ जीबीहून जास्त, आणि तेही बहुतांश रिकामे. ३२ जीबीचं कार्ड दुसऱ्या दिवशीच भरेल. लॉजिकलला त्या टाइमआउटची गरजच नाही, म्हणून तो शून्य ठेवला. चेकपॉइंटचं अंतर ५ मिनिटांवरून ३० वर नेलं, त्यानं अख्खी पानं लिहिणं कमी झालं आणि कार्डावरचा ताणही. आता दिवसाला जेमतेम एक सेगमेंट भरतो. १३ व्या आवृत्तीपासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ ही मर्यादा मिळते. ती २ जीबी केली. म्हणजे १२८ सेगमेंट. संपर्क महिनाभर गेला तरी भरपूर जागा आहे. त्यापलीकडे गेलाच तर स्लॉट बाद होईल आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून कॉपी करावा लागेल. माझ्या आकाराच्या तक्त्याला ते सहज परवडतं. प्रत नव्यानं करता येते, गेलेला पाऊस नव्यानं मोजता येत नाही.

जोडणीबद्दल एवढंच की सबस्क्राइबर पब्लिशरकडे जातो, म्हणजे पुण्याला पायपर्यंत पोचावं लागतं. ४जी राउटरला बाहेरून पत्ता नाही. म्हणून पायकडून पुण्याकडे वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा, जोडणी जिवंत ठेवणारा कीपअलाइव्ह २५ सेकंदांचा.

पुण्यातली दुसरी प्रत जुन्या लॅपटॉपवर, तिथेही डेबियन १३ आणि पोस्टग्रेस १७. इथे फिजिकलच हवं होतं, कारण सगळा क्लस्टर, रोल (वापरकर्ते) आणि सीक्वेन्ससकट, जसाच्या तसा उभा राहतो. त्यावर ६ तासांचा उशीर लावला आहे. वॉल लगेच पोचतो, लागू मात्र उशिरानं होतो. चुकीचा डिलीट साध्या प्रतीवर क्षणात पोचतो. इथे रिप्ले (बदल लागू होणं) थांबवायला वेळ मिळतो. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेनं ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग स्वतः उघडपणे लिहून ठेवला आहे: रेप्लिकेशन सुधारताना मुख्य सर्व्हरचाच डेटा पुसला गेला आणि सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून उभं राहावं लागलं. बॅकअप वेगळाच घ्या, कितीही प्रती असल्या तरी. माझा रात्रीचा पीजी-डंप बाहेरच्या डिस्कवर जातो.

पुढचं काम पायवर १७ आणायचं. पीजी-अपग्रेडमध्ये (पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणाऱ्या साधनात) लॉजिकल स्लॉट टिकतात ते जुनी आवृत्ती १७ किंवा पुढची असेल तरच, त्यामुळे १५ वरून जाताना माझा स्लॉट जाणार. पाऊस पूर्ण सरला की दिवाळीनंतर नोंदणी थोडा वेळ थांबवायची, पुणे शेवटच्या ओळीपर्यंत आलंय हे दोन्हीकडच्या एलएसएनवरून (वॉलमधल्या जागेच्या क्रमांकावरून) पाहायचं, सबस्क्रिप्शन काढायचं, अपग्रेड करायचं आणि नवं सबस्क्रिप्शन कॉपी डेटा (जुन्या ओळी पुन्हा आणणं) बंद ठेवून जोडायचं. हे कुणी पायवर केलं असेल तर क्रम जरूर कळवा, विशेषतः अपग्रेडला एसडी कार्डावर किती मोकळी जागा लागली ते.