बतादचा निखळलेला दगड

मनिलाहून रात्रभराची बस, बनावेतला मुक्काम आणि त्यानंतरचे चार दिवस आता धूसर झाले आहेत. लख्ख आठवतो तो बतादच्या भातखाचरांमधला एक दगड, जो माझ्या पायामुळे निखळला.

बताद हे उत्तर फिलिपिन्सच्या इफुगाव प्रांतातले गाव. गाडीरस्ता संपतो तिथून पायी उतरावे लागते आणि मग एका वळणावर समोरचा अख्खा डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी अर्धवर्तुळात उभा राहतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बांधांवर पर्यटकांची रांग लागली होती. समोरून येणाऱ्या गटाला वाट द्यावी म्हणून मी बांधाच्या अगदी कडेला सरकलो आणि पायाखालचा दगड खालच्या खाचरात गेला. त्या फटीतून लगेच पाणी झिरपू लागले. लावणी करणारी एक बाई चिखलातून सावकाश चालत आली. तिने तो दगड शोधून जागेवर बसवला, ओंजळभर चिखल फटीत भरून टाचेने घट्ट दाबला आणि माझ्याकडे न पाहताच ती परत रोपांकडे वळली. मी क्षमा मागितली, पण ती तिला समजली की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

आमच्या वाटाड्याने मग मला तिथेच थांबवून सगळे समजावले. फट तशीच राहिली तर पाणी भिंतीमागची माती भिजवते, भिंतीला फुगवटा येतो आणि एखाद्या मोठ्या पावसात ती बसते. वरचे खाचर कोरडे पडून तडकते, खालच्यात दगडमाती येते. म्हणजे एका घरातली माणसे कामासाठी शहरात गेली आणि त्यांची भिंत पाहणारे कोणी उरले नाही, की नुकसान खालच्या शेजाऱ्यांचेही होते. या भागातल्या पाच खाचरसमूहांना 1995 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, पण 2001 मध्ये त्यांची नोंद धोक्यातील वारशांच्या यादीत झाली, कारण सुमारे 25 ते 30 टक्के खाचरे ओसाड पडली होती. त्या यादीतून ती 2012 मध्ये बाहेर आली. वीस पेसोच्या नोटेवर झळकलेली बनावे गावाजवळची खाचरे मात्र या पाच समूहांत नाहीत, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते.

वारसा जपायचा तर खाचरांच्या माथ्यावरचे रानही जपावे लागते. त्याला तिथे मुयोंग म्हणतात. ते त्या त्या कुटुंबाचे असते आणि खाचरांचे पाणी त्याच रानातून येते. सरकारने 1990च्या दशकात मुयोंगमधील लाकूड वापरण्यासाठी कुटुंबांना वेगळ्या परवान्याची सोय केली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या झाडे राखली त्यालाच ती तोडण्याची बंदी केली तर तो ती कशासाठी राखील?

पत्र्याच्या छपरांविषयी मात्र मला माझे मत बदलावे लागले. वरून पाहताना ती छपरे डोळ्यांना खुपली आणि मी तसे बोलूनही दाखवले. गवती छप्पर शाकारायला गवत आणि माणसे दोन्ही लागतात, असे वाटाड्या शांतपणे म्हणाला. त्या रात्री धो धो पाऊस पडला आणि मी पत्र्याखालीच कोरडा झोपलो. वर्षातून एकदाच पिकणाऱ्या तिनावोन भातावर जगणाऱ्या माणसाने आमच्या छायाचित्रांसाठी गळक्या घरात राहावे, अशी अपेक्षा कोणत्याही वारसा धोरणाने करू नये. भिंत सावरणाऱ्या हातांना तिथेच राहून जगता येईल इतका पैसा त्या धोरणातून गावात पोहोचायला हवा.

सकाळी निघताना मी लांबच्या दगडी वाटेने गेलो. वळणावरून ती भिंत दिसली. पावसाने चिखल थोडा वाहून गेला होता, दगड मात्र जागेवर होता आणि ती बाई त्याच्याशेजारी वाकून नवा चिखल दाबत होती.