दुबईत घरसेवेची फ्रँचायझी: पाहणी दौऱ्याचा वृत्तांत

एसी सर्व्हिस, साफसफाई आणि पेस्ट कंट्रोल पुरवणारी भारतीय साखळी दुबईत चालेल का, हे बघायला केलेला हा दौरा. सल्लागारांच्या ऑफिसात थोडा वेळ गेला, बाकी सगळा इमारतींमध्ये. जाणाऱ्यांनीही तसंच करावं.

करामा, बर दुबईच्या जुन्या इमारतींत विंडो आणि स्प्लिट एसी भरपूर. आपला मेकॅनिक तिथे अडत नाही. मरीनाकडच्या बऱ्याच टॉवरांत मात्र फॉल्स सीलिंगमध्ये फॅन कॉइल युनिट असतं. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. कॉइलमधून इमारतीचं थंड पाणी फिरतं. नेहमीची तक्रार म्हणजे छतावर ओला डाग. ड्रेन ट्रेमध्ये बुळबुळीत गाळ साचून पाइप तुंबलेला असतो. वेट व्हॅक्यूमने (पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) पाइपातला गाळ ओढून तो मोकळा करायचा, ट्रे धुवायचा, मग पाणी ओतून निचरा तपासायचा. ही शेवटची पायरी गाळली की तक्रार परत येते. थंड पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हला व्यवस्थापनाला विचारल्याशिवाय हात लावू नये. भारतातली मशिनं चालतात, प्लग तेवढा चौकोनी तीन पिनांचा लावावा लागतो.

खरा वेळ खातं ते गेट. परमिट, लायसन्सची प्रत, विमा, ओळखपत्र, मग सर्व्हिस लिफ्टची वाट. भारतात एक टीम दिवसाला पाच कामं उरकत असेल, तर दुबईत तीनच धरा आणि दर त्यावरून काढा. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उन्हातलं काम बंद असतं. गच्चीवरचे कंडेन्सर (एसीची बाहेरची युनिटं) सकाळीच उरका. नेमका हाच एसीचा सीझन.

स्वस्त म्हणून फ्री झोनचं (खास व्यापारी क्षेत्राचं) लायसन्स घेऊ नका, घरोघरी सेवा द्यायला नुसतं तेवढं पुरत नाही; मेनलँडचं, म्हणजे त्या क्षेत्रांबाहेरच्या दुबईचं घ्या. प्रत्येक सेवा लायसन्सवर वेगळी नोंदवावी लागते; पेस्ट कंट्रोल आणि टाकी सफाईला दुबई म्युनिसिपालिटीची परवानगीही लागते. अमिरातीत अपॉस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागदांवर मिळणारा एकच सरकारी शिक्का, चालत नाही. त्यामुळे कंपनीची कागदपत्रं नोटरीपासून परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीच्या दूतावासापर्यंत निघण्यापूर्वीच साक्षांकित करून घ्या. ट्रेडमार्क माद्रिद पद्धतीने, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने, भारतातूनच नोंदवता येतो. स्थानिक भागीदाराशी बोलणी सुरू होण्याआधी अर्ज टाका, नंतर नाव त्याच्याच खिशात सापडायचं.

तिथे व्हॅट 5 टक्के आहे; करारात रॉयल्टी (ब्रँड वापरण्याबद्दल भागीदाराने द्यायचा वाटा) हा व्हॅट वगळून उरलेल्या विक्रीवर, असं स्पष्ट लिहा. रद्द कामांचे परतावे कोणाच्या खात्यातून जाणार, तेही.